झाड, तासाच्या बोलीनं

आमचं झाड आतल्या गाठीचं नव्हतं.
फांदीची मध्यस्थी नाही, देठाचा आडपडदा नाही,
जे काय असेल ते थेट खोडावर:
काळं, गोल, बुबुळासारखं,
बुंध्यापासून डोक्याच्या वरपर्यंत
एवढं दाट की साल दिसायची नाही.

जाबुतिकाबा पिकली की आई फाटकाला पाटी टांगायची:
‘झाड भाड्यानं. तासाला बारा रेआल.
पोटात मावेल तेवढं तुमचं, बादलीतलं वेगळं.’
आणि मला स्टुलावर बसवायची,
वडिलांचं घड्याळ पार कोपरापर्यंत सरकवून.
अकरा वर्षांची मी,
वेळ विकायला बसलेली.

माणसं शहरातून यायची, बसनं,
रविवारचे इस्त्रीचे कपडे घालून,
आणि पाच मिनिटांत सगळी लाज सोडून
खोडालाच तोंड लावायची.
बँकेतला कारकून, चार मुलांची आई,
एकदा तर एक पाद्री,
सगळ्यांच्या हनुवट्या जांभळ्या.
थुंकलेल्या सालींवरून मुंग्यांची वाहतूक.
हे फळ थांबत नाही कुणासाठी.
आज तोडलं की परवा आंबतं,
दुकानापर्यंत जायची त्याला सवड नसते,
म्हणून गिऱ्हाइकानंच उठून यायचं.

सेउ बेलार्मिनो शेवटच्या तासाला यायचा,
ऊन तांबड्या डोंगरामागं उतरल्यावर.
त्याच डोंगराच्या पोटात, लोखंडाच्या खाणीत,
त्याची चाळीस वर्षं गेलेली;
डोळ्यांत मोतीबिंदू, नखांत अजून गेरू.
बारा रेआल सुट्टे मोजून द्यायचा,
नाण्यांना मुठीची ऊब.
झाडाकडे बघायचा नाही,
बोटांनी चालायचा खोडावर,
अंधारात घरचा जिना चढावा तसा,
आणि कमरेच्या उंचीवर एका जागी थांबायचा.
तिथं फळ कधी धरायचंच नाही.
पाच-सहा खायचा, बस्स.
उरलेली पन्नास मिनिटं नुसता पाठ टेकून.

मी आईला म्हटलं, याच्याकडून निम्मे घेऊ या,
खातो कुठं तो?
आई घेवडा निवडत होती.
‘पूर्ण घ्यायचे,’ म्हणाली.
‘हे घर त्यानंच आपल्याला विकलं.
झाड त्यानं लावलं, मुलगी झाली तेव्हा. बी पेरून.
चौदा वर्षं पाणी घातलं.
पहिलं फळ धरलं, आणि त्याच महिन्यात
कागदावर सही केली.’
मुलगी कुठं असते, मी विचारलं.
‘खडे बघ नीट,’ आई म्हणाली,
‘गेल्या वेळी दाताखाली आला.’

दुसऱ्या दिवशी बस यायच्या आधी
मी त्या जागेवर बोट फिरवलं.
खिळा होता.
झाडानं जवळजवळ गिळलेला, टोपी तेवढी बाहेर.
ही साल दरवर्षी सोलून पडते,
कोरलेलं नाव टिकत नाही तिच्यावर.
खिळा मात्र वरही सरकत नाही, खालीही नाही,
खोडच जाड होत जातं त्याच्याभोवती.
मोठ्या माणसानं इतक्या खाली खिळा कशाला ठोकावा?
काय टांगत असेल तिथं, दप्तर, टोपी, दोरीवरची उडी?
मी अजून ठरवलेलं नाही.

त्या वर्षीच्या शेवटच्या रविवारी
त्याला तिथंच डोळा लागला.
तोंड किंचित उघडं, ओठांवर जांभळी रेघ.
एक मधमाशी ओठाशी येऊन परत गेली.
तास भरला.
मी घड्याळाची कळ ओढली
आणि काटा अर्धा तास मागं नेला.
नंतर पुन्हा एकदा नेला.

आई कंदील घेऊन अंगणात आली.
‘किती राहिलं याचं?’
‘वीस मिनिटं,’ मी म्हटलं,
आणि हात पाठीमागं घेतला.
आईनं एकदा वर बघितलं.
चांदण्या केव्हाच्या निघाल्या होत्या.
मग कंदील जरा बारीक करून
तिनं वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली
आणि लिहिलं:
बेलार्मिनो. एक तास.